प्रूफ गेलं की पीठ मळायला घ्या

आमच्या ठाण्यातल्या चरईच्या घरात मोठं टेबल एकच. सागवानी, सहा माणसांचं, सासऱ्यांनी हौसेनं करून घेतलेलं. वर्षाचे अकरा महिने ते माझं असतं. कटिंग मॅट, स्टीलची पट्टी, पाकिटांचे गठ्ठे, लग्नपत्रिकांचे नमुने, सगळा पसारा त्यावरच. डिसेंबर लागला की त्याच टेबलावर कुलकुलांच्या, म्हणजे नाताळच्या गोड तळणाच्या, पिठाची परात येते, आणि नेमकं तेव्हाच माझं कामही ऐन भरात असतं. घरी कार्डं करायचा धंदा आणि घरी केलेला नाताळ, दोन्ही कसं निभावतेस, असं या कामात नव्यानं आलेल्या मुली मला विचारतात. म्हणून नऊ डिसेंबरांत जे शिकले ते लिहिते.

पहिल्याच वर्षी मोठा फटका बसला. एका ऑफिसची १२० नाताळकार्डं टेबलावर घडी घालून ठेवली होती. कागद हस्तिदंती, खरखरीत, वर कसलंच लॅमिनेशन नाही. चार हातांवर गॅसवर कुलकुलं तळली जात होती. सकाळी पाहिलं तर कार्डांवर बारीक बारीक पारदर्शक ठिपके. असा उघडा कागद तेल-तूप लगेच पितो आणि डाग कशानंही निघत नाही. सगळी कार्डं स्वतःच्या खर्चानं पुन्हा छापून घेतली. तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे: ज्या दिवशी कढई चढते त्या दिवशी छापलेला कागद कपाटाबाहेर येत नाही. कपाट लोखंडी हवं आणि कागद आडवा, सपाट ठेवायचा. दूध आटवताना वाफ होते तेव्हा उभा ठेवलेला गठ्ठा हमखास वाकतो.

आता मुख्य गोष्ट. तारखांचा तक्ता मीही पहिली दोन वर्षं भिंतीवर लावला होता, तो पाच डिसेंबरलाच मोडायचा. कारण कार्डाच्या कामात आपले हात लागतात ते दोनदाच: डिझाइन करताना आणि शेवटी घड्या, रिबिनी, पाकिटं करताना. मधले दिवस वाट पाहण्यात जातात. प्रूफ, म्हणजे छपाईआधी मंजुरीसाठीचा नमुना, पाठवलं की गिऱ्हाईक म्हणतं, "पुण्याच्या मामांना दाखवून सांगतो." मामा दोन दिवसांनी सांगतात, मग आत्याला नाव वर हवं असतं. पूर्वी मी हे दिवस मोबाइल हातात धरून घालवायचे. स्वयंपाकघरातही तसंच असतं. काही पदार्थांना आपण लागतो, काहींना फक्त वेळ लागतो. तेव्हा एकीकडे वाट पाहायची असेल तेव्हा दुसरीकडे हात घालायचे, एवढं साधलं की डिसेंबर पुरतो.

आता क्रमानं सांगते. सुरुवात दिवाळीनंतर लगेच होते. तुळशीचं लग्न लागलं की हिंदू लग्नांचा हंगाम सुरू होतो, पण त्यांच्या पत्रिका तोवर छापून गेलेल्या असतात. आमच्या ख्रिस्ती लोकांत आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार रविवारांच्या काळात, सहसा लग्नं लावत नाहीत. त्यामुळे ती २६ डिसेंबरनंतर आणि जानेवारीत गर्दीनं येतात. त्या पत्रिकांचं काम नोव्हेंबरातच संपवा. डिसेंबरात फक्त नाताळकार्डं, ऑफिसांची नववर्षाची कॅलेंडरं आणि फेब्रुवारीच्या लग्नांचे कच्चे मसुदे ठेवा. याच दिवसांत केकसाठीचा सुका मेवा रममध्ये भिजत घाला: काळे मनुके, बेदाणे, खजूर, चेरी, संत्र्याची साल. घरात कुणाला रम चालत नसेल तर संत्र्याच्या रसात घाला, पण तो मेवा फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्याभरात वापरा. रममधल्या बरणीला महिनाभर आपली गरज नसते, अधूनमधून हलवली की झालं.

खरेदीची एकच फेरी करा. मी ठाण्याहून सकाळची गर्दी ओसरल्यावर लोकल पकडते, मशीद बंदरला उतरते, अब्दुल रहमान स्ट्रीटवर पाकिटं, कागद, रिबिनी घेते आणि तिथूनच चालत क्रॉफर्ड मार्केट गाठते. मिल्क क्रीम या दुधाच्या मिठाईचे रबरी साचे, चेरी, बटर पेपर तिथे मिळतं. रविवारी जाऊ नका, घाऊक दुकानं बरीच बंद असतात. कागद आणि केकचं सामान मात्र एका पिशवीत भरू नका.

आधी पाकीट घ्या, मग कार्डाचं माप ठरवा. नव्या मुली उलटं करतात. सुंदर चौकोनी कार्ड तयार होतं आणि त्या मापाचं पाकीट डिसेंबरात बाजारात नसतं. मापाचा दुसरा हिशेब शीटचा. डिजिटल प्रेसवर १२ बाय १८ आणि १३ बाय १९ इंच अशा दोन शीट सहसा चालतात. ४ बाय ६ इंचांचं साधं कार्ड, चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जास्तीची रंगीत कड) धरून, सगळी एकाच दिशेनं लावली तर १२ बाय १८ वर फक्त ४ बसतात. तेच १३ बाय १९ वर ८ बसतात. शीटच्या दरात थोडाच फरक असतो, कार्डं दुप्पट येतात. घडीचं कार्ड ३०० जीएसएमचं, म्हणजे जाड कागदाचं, असेल तर आधी क्रीजिंग करून (घडीच्या जागी खाच दाबून) घ्या, नाहीतर घडीवर शाई तडकते आणि पांढरी रेघ दिसते. नाताळचा लाल रंग स्क्रीनवर पेटलेला दिसतो आणि छापून आला की विटकरी होतो. फाइल सीएमवायकेमध्येच, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगांतच, करा. मी मजेंटा १००, यलो १०० आणि वर १० टक्के काळा देते, तो लाल उबदार येतो. तरी पूर्ण ऑर्डरीआधी एक शीट छापून उन्हात बघाच.

मराठी मजकुराकडे मात्र जीव ओतून बघा. ठाण्यातल्या ख्रिस्ती घरांतून मराठी नाताळकार्डाची मागणी आहे आणि मला त्या कामाचा विशेष जिव्हाळा आहे. माझं माहेर वसईचं. आमची प्रार्थना, आमची गाणी, आमचं भांडण सगळं मराठीत, मग शुभेच्छा परक्या भाषेत का द्यायच्या? पण मराठी अक्षरं यंत्रात फार सोसतात. फोटोशॉपमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (मराठीसारखी लिपी नीट जोडणारी सोय) चालू नसेल तर वेलांटी भलत्या अक्षरावर जाते, जोडाक्षरं सुटी होतात. प्रेसच्या संगणकावर आपला फॉन्ट नसेल तर तिसरंच काही छापून येतं. एका पत्रिकेवर माझ्या "आशीर्वाद"मधला रफार उडाला आणि २०० प्रती तशाच घरी आल्या. नवरीच्या आईनं काही बोलून दाखवलं नाही, नुसतं त्या शब्दावर बोट ठेवलं. म्हणून फाइल पाठवण्याआधी सगळी अक्षरं कर्व्ह करा, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकृत्या करा, पीडीएफ करा, ती पीडीएफ स्वतःच्या मोबाइलवर उघडा आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला मोठ्यानं वाचायला लावा. आमच्याकडे हे काम सासूबाई करतात. त्यांना "शुभेच्छा"मधला "च्छ" चुकलेला लांबून दिसतो.

नाताळकार्डांच्या छपाईच्या ऑर्डरी मी ५ डिसेंबरला बंद करते, निम्मे पैसे आगाऊ घेऊन. त्यानंतर कुणी आलं तर मोबाइलवर पाठवायचं कार्ड करून देते, १०८० बाय १९२० पिक्सेलचं, तेही १५ तारखेपर्यंत. नाही म्हणताना सुरुवातीला जड जातं. पण वागळे इस्टेटमधली आमची प्रेस या दिवसांत कॅलेंडरांनी तुंबलेली असते. तिथे रात्री दहाला उभं राहून मिळवलेल्या ऑर्डरीत दुसऱ्या दिवशी हमखास चूक निघते, हे मी अनुभवलं आहे.

आता पदार्थ कुठे बसवायचे ते. केक पहिल्या आठवड्यात करा. तो १६० अंशांवर दीड-दोन तास ओव्हनमध्ये असतो, तळण नाही, तुपाचे हात नाहीत. तेवढ्या वेळात संगणकावर एक डिझाइन पूर्ण होतं. निवला की बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात ठेवा आणि आठवड्याला चमचाभर रम पाजा.

कुलकुलं प्रूफ गेल्याच्या दिवशी. अर्धा किलो मैदा, दोन मोठे चमचे कडकडीत तूप, एक अंडं, १०० ग्रॅम पिठीसाखर, चिमूट मीठ, आणि मळायला लागेल तेवढं नारळाचं दूध. अर्धा तास झाकून ठेवा. छोटी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कंगव्यावर दाबून गुंडाळायची आणि मंद आचेवर तळायची. पिठात साखर असल्यानं मोठ्या आचेवर बाहेरून लाल होतात आणि आत कच्ची राहतात. या कामाला माणसं लागतात. माझी मुलगी, शेजारच्या काकू, त्यांची नात असे आम्ही टेबलाभोवती बसतो, मोबाइल मधे उभा करून ठेवतो. गिऱ्हाइकाचा फोन आला तर स्पीकरवर बोलते, बदल मुलगी वहीत लिहून घेते. आत्याचं नाव वर गेलं की खाली गेलं, हे शेजारच्या काकूंनाही माहीत असतं.

मिल्क क्रीमच्या वेळी हे चालत नाही. एक लिटर सायीचं दूध, पाव किलो साखर, १०० ग्रॅम काजूची पूड. तासाभराहून जास्त वेळ उलथणं थांबवायचं नाही. मिश्रण कडा सोडून गोळा होऊ लागलं की दोन मिनिटांचाच खेळ असतो, तेवढ्यात फोन घेतला तर साच्यात बसत नाही, भुगा होतो. म्हणून मी ती प्रेस बंद असते त्या रविवारीच करते, १४ ते २१ डिसेंबरच्या मधल्या. फोन आतल्या खोलीत ठेवते. वर्षातला हा एकच तास मला खरा शांत मिळतो.

बाकीचं थोडक्यात. बॉटल मसाला, म्हणजे बाटलीत भरून ठेवायचा घरचा मसाला, सासूबाईंनी मे महिन्यातच कुटून तपकिरी बाटल्यांत भरलेला असतो, त्याची चिंता नाही. त्या ठाण्याच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या मूळच्या ख्रिस्ती समाजातल्या, त्यामुळे आमच्याकडे सोरपोतेल, डुकराच्या मांसाचा आंबट-तिखट रस्सा, होतंच. ते २२ तारखेला करून ठेवा, रोज नीट उकळा, मुरून चव चढते. थाळी स्वीट या रव्याच्या भाजलेल्या गोडात ओलं खोबरं असतं, ते २३ च्या आधी करू नका.

१४-१५ डिसेंबरला येशूजन्माच्या गोठ्याच्या देखाव्यासाठी पसरट ताटल्यांत गहू पेरा. दहा दिवसांत हिरवंगार शेत होतं. हे काम मुलांना द्या. कार्डं कापून उरलेल्या ३०० जीएसएमच्या पट्ट्याही टाकू नका, त्यांचा तारा फार छान होतो. आमच्या खिडकीतला तारा गेली पाच वर्षं त्या त्या वर्षीच्या कार्डांच्या कडांचा असतो. मागच्या तार्‍यात एका बारशाच्या पत्रिकेचा निळा रंग होता.

काम फार अंगावर येतं तेव्हा मला हेन्री कोल आठवतात. १८४३ साली लंडनमध्ये त्यांना नाताळच्या सगळ्या पत्रांना उत्तरं लिहायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक कार्ड काढून घेतलं आणि छापून विकलंही. छापील नाताळकार्डाची सुरुवात अशी वेळ नसलेल्या माणसाकडून झाली. तेव्हा गिऱ्हाईक घाईत आहे म्हणून त्याच्यावर चिडू नका. त्याला वेळ नाही, म्हणूनच ते आपल्याकडे आलं आहे.

२३ ला दुपारपर्यंत शेवटची कार्डं पोचवायची. मी मासुंदा तलावाजवळची सगळी एकाच फेरीत देते आणि येताना जांभळी नाक्यावरून नारळ आणि केळीची पानं आणते. २४ ला सकाळी टेबल रिकामं. मॅट, पट्टी, कात्री, गोंद, सगळं एका खोक्यात घालून खोकं पलंगाखाली. टेबल साबणाच्या पाण्यानं दोनदा पुसा. कार्डाची चमकी टेबलावर राहिली तर दिसत नाही आणि पिठात उतरते.

मग आमच्या घरची कार्डं. ती मी छापत नाही. पाचच असतात, हातानं लिहिलेली: वसईला आईला, नणंदेला, शेजारच्या काकूंना, प्रेसमध्ये कापणी करणाऱ्या दादांना आणि सासूबाईंना. संध्याकाळी त्याच टेबलावर फुगियांचं, म्हणजे तळलेल्या फुगीर गोल पावांचं, पीठ भिजवायचं: मैदा, अंडी, नारळाचं दूध, यीस्ट, साखर, मीठ. पीठ सैलसर हवं, मुठीतून पिळून गोळा पडेल असं. मोठ्या पातेल्यात घ्या, रात्रीत दुप्पट होतं. ओलं फडकं टाकून झाकण ठेवायचं आणि चर्चमध्ये मिस्सेला, म्हणजे नाताळच्या उपासनेला, निघायचं. परत आल्यावर फडकं वर उचललेलं दिसलं तर पीठ बरोबर झालं आहे, सकाळी सहाला तेल तापवायला घ्या.