लढाईच्या प्रसंगात कवायतीच्या करामतींना जागा कुठे द्यावी

फोंड्याच्या वेढ्याचा प्रसंग उभा करायचे गोव्यातील एखाद्या मंडळाने ठरवले, की तालमीला सुरुवात होताच एक प्रश्न उभा राहतो: बंदूक गरगर फिरवून झेलणे, एका तालात पावले टाकणे, दांडपट्ट्याची आवर्तने घेणे या गोष्टींना टाळ्या हमखास मिळतात, तर त्या लढाईत घ्याव्यात का? माझे मत असे, की लढाईत शिपायाच्या हातून तेवढेच घडावे ज्याची त्या घटकेला त्याला गरज होती, आणि उरलेले कौशल्य निराळ्या खेळात, तसे स्पष्ट सांगून दाखवावे.

प्रथम साल आणि फौज निश्चित करावी. नोव्हेंबर १६८३ मध्ये पोर्तुगीज व्हिसरॉय कोंद द आल्व्होर याने फोंड्याला वेढा घातला, येसाजी कंक व त्यांचे पुत्र कृष्णाजी यांनी किल्ला लढवला, आणि संभाजी महाराज फौजेसह येऊन पोहोचल्यावर पोर्तुगीजांना माघार घ्यावी लागली. एका तालात पावले टाकत जाणारी पलटण युरोपातही रूढ झाली ती अठराव्या शतकात. मराठी फौजांत तशी कवायत इब्राहिमखान गारद्याच्या पथकांत आणि पुढे महादजी शिंद्यांच्या पलटणींत दिसते. त्यामुळे पानिपतच्या प्रसंगात गारद्यांची शिस्तबद्ध रांग शोभेल, परंतु फोंड्याच्या तटावरचे मावळे तशा रांगेत चालू लागले तर प्रसंगच खोटा पडेल.

बंदुकीबाबत विशेष काळजी घ्यावी, कारण सर्वाधिक मोह तिथेच होतो. बंदूक हवेत फिरवून झेलण्याची आजच्या संचलनांतील कला आधुनिक रायफलीवर बसलेली आहे. तोड्याची बंदूक लांब आणि जड असते, तिच्या कानाजवळ रंजक, म्हणजे बार पेटवणारी बारीक दारू, भरलेली असते आणि जवळच तोडा, म्हणजे ती पेटवायची वात, धुमसत असतो. ती गरगर फिरवली तर रंजक सांडेल, ठिणग्या उडतील आणि शेजारच्या गड्याच्या दारूला आग लागण्याचा धोका निर्माण होईल. कार्यक्रमात खरी दारू वापरायची नसली, तरी हाताळणी मात्र ती आहे असे समजूनच बसवावी. दारू ओतणे, गोळी टाकणे, गजाने ठासणे, रंजक भरणे, तोड्यावर फुंकर घालून निखारा जागवणे आणि मग नेम धरणे हा क्रम सावकाश, एकही पायरी न गाळता दाखवला, तर प्रेक्षक श्वास रोखून पाहतात, कारण तेवढ्या वेळात शत्रू किती जवळ आला हे त्यांना समोर दिसत असते.

पट्ट्याचा विचार थोडा वेगळा करावा लागतो. त्याची मूठ हाताला पोलादी खोबणीत जखडते, मनगट मोकळे राहत नाही आणि वार खांद्यापासून फिरवावा लागतो, म्हणून मोठी आवर्तने ही त्या शस्त्राची नैसर्गिक चाल आहे. अनेकांनी घेरलेला एकटा वीर मोकळ्या जागेत ती घेत असेल तर ती अवश्य ठेवावीत. तटाच्या अरुंद वाटेवर किंवा आपल्याच माणसांच्या गर्दीत ठेवू नयेत.

डिचोली-सत्तरीकडची घोडेमोडणी, म्हणजे कमरेला लाकडी घोडा बांधून केलेला नाच, लढाईत घोडदळ म्हणून आणण्याची सूचना कोणी केली, तर ती नम्रपणे नाकारावी. शिगम्यातील तो विधी आहे, त्याचा मान त्याच्या जागी आणि त्याच्याच वाद्यांवर राखला पाहिजे.

मर्दानी खेळात तयार झालेल्या मुलांचे मन मोडू नये. लढाईपूर्वी त्यांना पंधरा-वीस मिनिटे स्वतंत्र द्यावीत, निवेदकाने हा सरावाचा आणि कौशल्याचा खेळ आहे असे सांगावे, आणि त्यानंतर थोडी विश्रांती ठेवून वेढ्याला आरंभ करावा. तालमीत एका जाणत्या माणसाला प्रेक्षकांच्या जागी बसवावे, एखादी हालचाल खटकली, की त्याने खेळ थांबवून विचारावे, "तुझा शत्रू आत्ता कुठे आहे?" ज्या गड्याला उत्तर देता येणार नाही, त्याची ती हालचाल लढाईतून काढून आधीच्या खेळात घ्यावी.