सायक्लोहेक्झॅनॉलपासून सायक्लोहेक्झीन: एच-बीटा झिओलाइट वापरून

सायक्लोहेक्झॅनॉल या अल्कोहोलमधून पाणी काढलं की सायक्लोहेक्झीन मिळतं; त्यासाठी गंधकाम्ल किंवा फॉस्फोरिक आम्लच लागतं असं नाही. एच-बीटा झिओलाइट (सूक्ष्म छिद्रांची आम्लधर्मी घन पूड) घेतलं तर शेवटी आम्ल उदासीन करत बसावं लागत नाही आणि उत्प्रेरक गाळून पुन्हा वापरता येतो. सगळी गोम पाण्यात आहे. अभिक्रियेत सुटणारं पाणी झिओलाइटच्या आम्लजागा (जिथे अभिक्रिया घडते त्या जागा) अडवतं आणि अभिक्रिया उलटही फिरवतं. जपानमध्ये मिझुशिमाला असाही कासेई कंपनीने १९९० मध्ये झेडएसएम-५ या दुसऱ्या झिओलाइटवर नेमकी हीच उलटी अभिक्रिया, म्हणजे सायक्लोहेक्झीनपासून सायक्लोहेक्झॅनॉल, सुरू केली.

बीटा बहुधा अमोनियम रूपात मिळतं. ते मफल फर्नेसमध्ये (बंद विद्युत भट्टीत) मिनिटाला २-३ अंशांनी तापवत ५५० अंश सेल्सिअसला न्या आणि ४-५ तास ठेवा. अमोनिया उडून एच-रूप उरतं. घाई केलीत तर अडकलेल्या वाफेमुळे झिओलाइटच्या स्फटिकजाळीतलं ॲल्युमिनियम सुटतं आणि आम्लता घटते. डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार करा, लगेच तोला. उघड्यावर ते भराभर ओलावा ओढतं.

२५० मिलीच्या फ्लास्कमध्ये १०० ग्रॅम सायक्लोहेक्झॅनॉल आणि ५ ते १० ग्रॅम झिओलाइट घ्या. सायक्लोहेक्झॅनॉल २५ अंशांच्या आसपास गोठतं, म्हणून बाटली कोमट पाण्यात धरा आणि मोजमाप वजनानेच करा. पूड गार द्रवातच टाका. उकळत्या द्रवात टाकली तर तो उसळून बाहेर येतो. ढवळणी जोरात ठेवा, नाहीतर पूड तळाला बसते. वर आखूड कॉलम, कंडेन्सर आणि बर्फात ठेवलेलं मोजपात्र. ऑइल बाथ १७०-१८० अंश. सायक्लोहेक्झीनची वाफ सहज पेट घेते, त्यामुळे सगळं फ्यूम हूडमध्ये, उघडी ज्योत जवळ नको.

सायक्लोहेक्झीन आणि पाणी मिळून ७१ अंशांच्या सुमारास उकळून वर येतात, पण त्या मिश्रणात पाणी वजनाने फक्त १० टक्के असतं. अभिक्रियेत तयार होणारं पाणी मात्र १८ टक्के. म्हणजे जवळपास अर्धं पाणी मागे राहू पाहतं. म्हणूनच लांब कॉलम लावून भरपूर रिफ्लक्स देणं (वाफ थंड करून परत खाली सोडणं) इथे अंगाशी येतं: पाणी पुन्हा फ्लास्कात पडतं आणि अभिक्रियेचा वेग मंदावतो. कॉलमच्या माथ्याचं तापमान ९० पर्यंत चढू द्या. ९५ च्या पुढे गेलं की पाण्याबरोबर सायक्लोहेक्झॅनॉलही यायला लागलंय असं समजा.

मोजपात्रातले दोन थर सतत पाहत राहा. हिशेबाने १ मिली पाण्यामागे साधारण साडेपाच मिली सायक्लोहेक्झीन यायला हवं. शेवटपर्यंत वरचा, सायक्लोहेक्झीनचा थर कमीच राहिला, तर डायसायक्लोहेक्झिल ईथर किंवा जड ऑलिगोमर (काही रेणू जोडून बनलेले) ही नको असलेली उत्पादनं फ्लास्कात साठली आहेत. फ्लास्क कोरडा पडू देऊ नका.

वरचा थर वेगळा करा, मिठाच्या पाण्याने धुवा, निर्जल कॅल्शियम क्लोराइडवर वाळवा. उरलंसुरलं अल्कोहोलही ते धरून ठेवतं. मग ८१-८३ अंशांवर ऊर्ध्वपातन करा. साठवताना अंधार आणि गारवा हवा, कारण हवेत पेरॉक्साइड बनतात.

गाळलेली पूड तपकिरी दिसते. ॲसिटोनने धुवून ११० अंशांवर पूर्ण सुकवा, मगच ५५० ला हवेत जाळा. ओली पूड भट्टीत घातली तर ॲसिटोनची वाफ पेटते.