डेटा कॉम्प्रेशन शिकायचंय? फुकट कोड आहे भरपूर, फक्त क्रम चुकवू नका

मी सुरुवातच उलटी केली होती. फाइल सगळ्यात जास्त दाबून लहान करणारा प्रोग्राम कुठला ते शोधलं, तो निघाला पाक (PAQ), त्याचा सोर्स डाउनलोड केला आणि दोन आठवडे त्याच्याकडे नुसता बघत बसलो, कारण त्यात शेकडो मॉडेल्सचे अंदाज एकत्र मिसळतात आणि आपल्याला तर अजून एकाच मॉडेलचा अंदाज बिटमध्ये कसा उतरतो तेच माहीत नसतं.

मग कळलं की हे दोन वेगळे भाग आहेत. मॉडेल सांगतं पुढचं अक्षर काय असण्याची शक्यता किती, आणि कोडर ती शक्यता बिटमध्ये बसवतो. आधी कोडर घ्या. विटन, नील आणि क्लिअरी यांच्या १९८७ च्या अरिथमेटिक कोडिंगवरच्या (म्हणजे अख्ख्या फाइलचा शक्यतांनुसार एकच अपूर्णांक बनवणाऱ्या कोडरवरच्या) लेखात सी मधला पूर्ण कोड आहे, जुना आहे पण एका संध्याकाळी वाचून होतो. नायुकीच्या साइटवर तोच विषय जावा, पायथनमध्ये स्वच्छ लिहिलेला मिळतो, एमआयटी लायसन्सखाली. त्यानंतर मॉडेलसाठी पीपीएमडी बघा, म्हणजे आधीच्या काही अक्षरांवरून पुढचं ओळखणाऱ्या पीपीएम पद्धतीचा एक प्रकार, सेव्हनझिपवाल्या एलझेडएमए एसडीके या कोडसंचात आहे आणि पब्लिक डोमेन आहे. पाक घराण्यातलंच बघायचं तर आधी एलपाक१, सगळं एकाच फाइलमध्ये.

लायसन्सची फाइल मात्र पहिल्या दिवशी उघडा. फुकट म्हणजे कसंही वापरा असं नाही, पाकचा कोड जीपीएल लायसन्सखाली आहे, तो स्वतःच्या प्रोग्राममध्ये घालून वाटला की तुमचा सोर्सही द्यावा लागतो. पेटंटचाही त्रास होता एके काळी, बीझिप या जुन्या कॉम्प्रेशन प्रोग्राममध्ये अरिथमेटिक कोडिंग होतं, बीझिप२ त्याच भीतीने हफमन या दुसऱ्या, साध्या कोडरवर गेला. म्हणून जुना कोड वाचताना "हे असं का केलं असेल" असं वाटलं तर कारण गणितातच असेल असं नाही.

टेस्टिंगसाठी कँटरबरी कॉर्पस हा नमुना फाइलींचा ठरलेला संच घ्या, त्यातली ॲलिस२९ ही फाइल १,५२,०८९ बाइटची आहे. नुसत्या अक्षरांच्या वारंवारितेवर अक्षरामागे साधारण साडेचार बिट लागतात, जीझिप ती फाइल ५४ हजार बाइटच्या आसपास आणतो, बीझिप२ ४३ हजारांच्या. तुमचा पीपीएम त्याच्याही खाली जायला हवा.

माझा पहिला आकडा फार छान आला होता, खूप आनंद झाला, मग डिकोड करून पाहिलं तर फाइल साडेतीन हजार बाइटने छोटी! विंडोजवर फाइल टेक्स्ट मोडमध्ये उघडलेली, त्यामुळे प्रत्येक ओळीच्या शेवटचा एक बाइट वाचतानाच गळत होता, आणि मी तीन दिवस कोडरमध्ये चूक शोधत होतो. फाइल उघडणाऱ्या फोपेन (fopen) मध्ये आरबी ("rb", म्हणजे बायनरी मोड) लिहिलं आणि सुटलं. तेव्हापासून साइज बघायच्या आधी मूळ फाइल आणि डिकोड केलेली फाइल बाइट टू बाइट ताडून बघतो, रिकाम्या फाइलवर आणि एकाच बाइटच्या फाइलवरसुद्धा, कारण शेवटचे बिट बाहेर ढकलायचे राहिले असतील तर ते तिथेच सापडतं.