‘पासवर्ड बरोबर हाय, पण आत घेईना’

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी सर्व्हर सपोर्टला लागलो, तेव्हा तिथं विंडोज सर्व्हर २००८ होता. एक डोमेन कंट्रोलर (डोमेनमधल्या, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कमधल्या, सगळ्या युजर-पीसींची ओळख तपासणारा सर्व्हर), एक फाइल सर्व्हर, आणि डिस्पॅचची चलनं त्या फाइल सर्व्हरच्या शेअर फोल्डरमध्ये. २००८ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, त्याआधीच्या २००३ चा १४ जुलै २०१५ लाच. तरी गोकुळ शिरगावला, कागलला हे सर्व्हर मला अजून भेटतात, कारण हिशेबाचा किंवा मशीनचा एखादा जुना प्रोग्रॅम नव्यावर चालत नाही. या कामात नव्यानं येणाऱ्याला ते हाताळावेच लागतात.

पहिल्याच महिन्यात, दोन दिवसांच्या सुट्टीनंतर सकाळी डिस्पॅचमधून फोन आला. “साहेब, पासवर्ड बरोबर हाय, पण सर्व्हर आत घेईना.” मी पासवर्ड रीसेट करून दिला. तरी तेच. अकाउंट अनलॉक केलं, पीसी रीस्टार्ट केला, केबल बदलली. गेटवर तीन ट्रक चलनासाठी थांबले होते. तीन तास गेले आणि तोवर मी इव्हेंट लॉग, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, एकदाही उघडला नव्हता.

माझी समजूत अशी होती की त्या माणसाला स्वतःच्या पीसीवर लॉगिन होतंय, म्हणजे कंट्रोलरपर्यंतची वाट ठीक आहे. हे खरं नाही. विंडोज आधीच्या यशस्वी लॉगिनची नोंद पीसीवरच जपून ठेवतो, नेहमीच्या सेटिंगमध्ये दहा लॉगिनपर्यंत. कंट्रोलर बंद असला तरी डेस्कटॉप उघडतो. त्यामुळे ‘लॉगिन झालं’ हे कोणी सांगितलं की कशावर झालं, पीसीवर की सर्व्हरवर, हे आधी विचारा.

शेवटी आमचे एक सीनिअर आले. त्यांनी विचारलं, “नावानं उघडत न्हाई न्हवं? आयपीनं उघडून बघ.” सर्व्हरच्या नावाऐवजी आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा आकडी पत्ता, टाकला आणि फोल्डर लगेच उघडला. नावानं गेलं की विंडोज आधी कर्बेरॉसनं, म्हणजे कंट्रोलरकडून तिकीट घेऊन, ओळख पटवायला जातो; आयपीनं गेलं की जुन्या एनटीएलएम पद्धतीवर येतो. कर्बेरॉसच्या तिकिटावर वेळ असते. दोन्हीकडच्या घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक असेल, तर नेहमीच्या सेटिंगमध्ये ते तिकीट नाकारलं जातं. एनटीएलएमला ही अट नाही. म्हणजे नावानं बंद आणि आयपीनं चालू असेल, तर पासवर्ड निर्दोष आहे एवढं तिथंच ठरतं.

मग लॉग उघडला. फाइल सर्व्हरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ च्या, म्हणजे लॉगिन फसल्याच्या, नोंदींची रांग लागली होती, लॉगॉन टाइप ३, म्हणजे नेटवर्कवरून, आणि स्टेटस कोडच्या शेवटी १३३. तो वेळेच्या फरकाचा कोड. सर्व्हरचं घड्याळ सतरा मिनिटं मागे होतं. हा फाइल सर्व्हर व्हर्च्युअल, म्हणजे दुसऱ्या (होस्ट) मशीनच्या आत सॉफ्टवेअरनं चालणारा, होता आणि वेळ होस्ट मशीनकडून घेत होता. होस्ट डोमेनमध्ये नव्हता, त्याची वेळ कोणी बघत नव्हतं. सुट्टीत लाइट गेली, यूपीएस उतरला, आणि मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल आधीच मेल्यासारखा होता. आम्ही होस्टकडून वेळ घेणं बंद केलं, सर्व्हर डोमेनच्या वेळेला जोडला, सेल बदलला. सगळं मिळून वीस मिनिटांचं काम.

म्हणून कोड वाचायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. ४६२५ ही नोंद जिथं आत जायचा प्रयत्न झाला त्या मशीनवर असते. कंट्रोलरवर ४७७१ (कर्बेरॉसची) आणि ४७७६ (एनटीएलएमची) बघायच्या. २००३ वर ४६२५ च्या जागी बहुधा ५२९ आणि ४७७१ च्या जागी ६७५ येतो. ४६२५ मधल्या कोडच्या शेवटी ६ए असेल तर पासवर्ड चुकलाय, ६४ असेल तर त्या नावाचा युजरच नाही, २३४ म्हणजे अकाउंट लॉक. पण फेल्युअरचं ऑडिटिंग, म्हणजे फसलेल्या लॉगिनची नोंद ठेवणं, बंद असेल तर लॉग कोरा दिसतो, आणि कोरा लॉग बघून सगळं ठीक आहे असं समजू नका.

पीसीच्या डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता शोधायच्या सेटिंगमध्ये, कंट्रोलरचाच पत्ता हवा. इंटरनेट हळू चालतं म्हणून कोणीतरी तिथं राउटरचा पत्ता टाकतो आणि पीसीला कंट्रोलर सापडेनासा होतो. पीसी आणि डोमेनमधला ट्रस्ट तुटल्याचा मेसेज आला तर तो पीसी जुन्या बॅकअपवरून उभा केलाय का ते विचारा. डोमेनमधल्या प्रत्येक पीसीचा स्वतःचा पासवर्ड असतो, तो साधारण ३० दिवसांनी आपोआप बदलतो आणि बॅकअपमध्ये जुनाच राहतो. पीसी डोमेनमधून काढून पुन्हा जोडण्याआधी लोकल ॲडमिनचा पासवर्ड चालतो याची खात्री करा.

नवीन विंडोज १० किंवा ११ चा पीसी २००३ ला जोडता येत नसेल, तर कारण बहुधा एसएमबी १, म्हणजे फाइल शेअरिंगची जुनी पद्धत, असतं. २००३ ला तेवढंच येतं, आणि विंडोज १० मध्ये १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनला ते नसतं किंवा काही दिवस वापरलं नाही तर आपोआप निघून जातं. सगळ्या पीसींवर ते चालू करायचा आग्रह होईल. मी नाही म्हणतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच वाटेनं पसरला होता. एखादा वेगळा ठेवलेला पीसी मधे घालून काम भागवणं मला पटतं.

अकाउंट पुन्हापुन्हा लॉक होत असेल तर कंट्रोलरवर ४७४० शोधा. कोणत्या मशीनवरून लॉक झालं ते नाव त्यात असतं. आमच्या अकाउंट्समधल्या ताई दर अर्ध्या तासानं लॉक होत होत्या. आपण पासवर्ड चुकीचा टाइप करतोय असं समजून त्या एकेक अक्षर हळूहळू दाबायच्या. ४७४० मधलं नाव त्यांच्या पीसीचं नव्हतंच. ते होतं गेटजवळच्या वजनकाट्याच्या पीसीचं. वर्षभरापूर्वी काट्याच्या पावत्या बघायला त्यांनी तिथून सर्व्हरचा ड्राइव्ह जोडला होता आणि पासवर्ड सेव्ह केला होता. तोच जुना पासवर्ड तो पीसी सर्व्हरला देत बसला होता. क्रेडेन्शियल मॅनेजरमधून, म्हणजे सेव्ह केलेले पासवर्ड राहतात तिथून, ती नोंद काढली, ड्राइव्ह तोडला, पीसी रीस्टार्ट केला. संध्याकाळपर्यंत ताईंच्या नावाची एकही नवी ४७४० आली नाही.