परव्हॅपोरेशन मेम्ब्रेन बदलण्याआधी या चुका टाळा

साध्या डिस्टिलेशनने इथेनॉल वजनी 95.6 टक्क्यांपुढे आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल साधारण 88 टक्क्यांपुढे शुद्ध होत नाही. उरलेलं पाणी पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) या पॉलिमरचा पातळ थर दिलेल्या संमिश्र मेम्ब्रेनमधून, म्हणजे पडद्यातून, वाफेच्या रूपात खेचून काढता येतं; यालाच परव्हॅपोरेशन म्हणतात. प्लांट मंदावला की पहिला संशय याच मेम्ब्रेनवर घेतला जातो. माझं म्हणणं, तिला हात लावायच्या आधी बाकीचं सगळं तपासा.

सुरुवात कंडेन्सरपासून करा. व्हॅक्यूम पंप कितीही दमदार असो, पर्मिएटचा (मेम्ब्रेनपलीकडे गेलेल्या वाफेचा) दाब कंडेन्सरमध्ये जमणाऱ्या पाण्याच्या बाष्पदाबाखाली टिकत नाही. हा बाष्पदाब 30 अंश सेल्सिअसला 42 मिलीबार, 20 अंशांना 23, तर 5 अंशांना जेमतेम 9 असतो. फीडमध्ये (मेम्ब्रेनकडे येणाऱ्या अल्कोहोलमध्ये) 10 टक्के पाणी असताना हा फरक खपून जातो. पाणी अर्ध्या टक्क्यावर आलं की फीडमधल्या पाण्याचा आंशिक दाबच इतका घटतो की कंडेन्सर कोमट असेल तर पाण्याला पलीकडे ढकलणारा जोर जवळपास संपतो. अशा वेळी मोठा पंप मागवणं म्हणजे निव्वळ खर्च. त्यापेक्षा कंडेन्सर थंड ठेवणाऱ्या चिलरचं तापमान उतरवा.

इनलेटचा थर्मामीटर बघून समाधान मानणं हीसुद्धा नेहमीची चूक. वाफ व्हायला लागणारी उष्णता फीडमधूनच जाते, त्यामुळे मॉड्यूलमधून (मेम्ब्रेन बसवलेल्या संचातून) पुढे सरकताना फीड थंड होत जातं. आउटलेटचं तापमान नोंदवा. घसरण मोठी असेल तर दोन मॉड्यूलच्या मध्ये हीटर हवाच.

फीड कोरडं होत जाईल तसा फ्लक्स (मेम्ब्रेनमधून पलीकडे जाण्याचा वेग) उतरणारच, तो बिघाड नव्हे. उलट फार पाणी असलेलं फीड दिलं की पीव्हीए फुगतो, फ्लक्स झकास दिसतो आणि पाण्याबरोबर अल्कोहोलही निसटतं. ऍसिडचा, किंवा डीएमएफ, एनएमपी यांसारख्या सॉल्व्हंटचा अंश फीडमध्ये येत असेल तर मेम्ब्रेन उत्पादकाला आधी विचारा; तिथे नुकसान कायमचं होऊ शकतं.

पर्मिएटमध्ये अल्कोहोल जास्त येतंय, पण कारण फुगवटा की फाटलेलं गॅस्केट, हे कळत नसेल तर कोरडं (पाणी काढलेलं) अल्कोहोल नेहमीच्या तापमानाला फिरवून बघा. पर्मिएट जवळपास थांबलं तर मेम्ब्रेन धड आहे. धार तशीच चालू राहिली तर मॉड्यूल उघडा आणि सील आधी तपासा.