वळवाच्या दिवसांत हवामानाचा अंदाज कसा वाचावा

एप्रिलच्या अखेरीपासून मॉन्सून येईपर्यंत महाराष्ट्राच्या हवामान अंदाजात एक वाक्य थोड्याफार फरकाने पुन्हापुन्हा येते : ‘मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजांचा कडकडाट आणि ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाच्या सोसाट्याच्या वाऱ्यासह हलका ते मध्यम पाऊस पडण्याची शक्यता.’ ते वाचून कुणी शेतातला कांदा झाकतो, कुणी झाकत नाही आणि संध्याकाळी ज्याच्या गावात थेंबही पडला नाही तो हवामान खात्याला नावे ठेवतो. या वाक्यातील बहुतेक शब्दांचे अर्थ मात्र ठरलेले आहेत आणि ते एकदा समजून घेतले की अंदाज चुकला की आपण तो चुकीचा वाचला, हे सांगता येते.

पहिला शब्द ‘तुरळक’. त्या हवामान उपविभागातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी जास्तीत जास्त एक चतुर्थांश केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तेव्हा तो वापरतात. ‘काही ठिकाणी’ म्हणजे एक चतुर्थांश ते निम्मी केंद्रे. त्यापुढच्या पायऱ्या अर्थातच त्याहून व्यापक पावसाच्या. मध्य महाराष्ट्र हा उपविभाग नंदुरबारपासून कोल्हापूरपर्यंत पसरलेला आहे, हे ध्यानात घेतले की तुरळक पावसाचा अंदाज खरा ठरूनही बहुतेक गावे कोरडी का राहतात, ते कळते. कोकण व गोवा, मराठवाडा आणि विदर्भ हे उरलेले तीन उपविभाग. आपला जिल्हा कोणत्या उपविभागात मोडतो ते आधी पाहावे आणि मग जिल्हावार इशाऱ्याकडे वळावे.

पावसाच्या प्रमाणाकडे वळवाच्या दिवसांत फार लक्ष देऊ नये, असे माझे मत आहे. हलका, मध्यम, जोरदार या श्रेणी २४ तासांच्या बेरजेवर ठरतात : १५.५ मिलिमीटरपर्यंत हलका, ६४.४ पर्यंत मध्यम आणि त्यापुढे जोरदार. अर्ध्या तासात ३० मिलिमीटर पाऊस कोसळला आणि रस्त्याचा ओढा झाला, तरी नोंदीत तो ‘मध्यम’च राहतो. वळवात नुकसान करतात ते वारा, वीज आणि गारा. म्हणून वाक्यातील वाऱ्याचा वेग आणि ‘गारपीट’ हा शब्द आधी शोधावा. केळीची बाग, पॉलिहाउस किंवा कांदाचाळीचे पत्रे यांच्या दृष्टीने ३० ते ४० आणि ५० ते ६० किलोमीटर या आकड्यांत फार मोठे अंतर आहे, कारण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

आणखी एक गोष्ट गोंधळ घालते, ती म्हणजे हवामान खात्याचा दिवस. तो सकाळी ८.३० ला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३० ला संपतो आणि पावसाची नोंद ज्या तारखेला तो संपतो त्या तारखेला लागते. १४ मेच्या संध्याकाळी पडलेला वळीव त्यामुळे १५ मेच्या आकड्यांत दिसतो.

रंगांविषयीचा गैरसमज तर सार्वत्रिक आहे. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल हे रंग पाऊस किती पडेल एवढेच सांगत नाहीत. संभाव्य परिणाम किती गंभीर आणि तयारी किती हवी, हे ते सांगतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कृती करा. वादळी वाऱ्यासाठी दिलेला नारिंगी इशारा पावसाविनाही खरा ठरू शकतो.

वादळे कोणत्या पट्ट्यात होतील याचा सुगावा अंदाजाच्या शास्त्रीय भागात लागतो. विदर्भापासून मराठवाडा आणि अंतर्गत कर्नाटकमार्गे दक्षिणेकडे गेलेला, समुद्रसपाटीपासून सुमारे ०.९ किलोमीटर उंचीवरचा हवेचा कमी दाबाचा पट्टा, असा उल्लेख मे महिन्यात वारंवार येतो. वायव्येकडून येणारी कोरडी, उष्ण हवा आणि समुद्रावरून येणारी दमट हवा या पट्ट्याजवळ एकत्र येतात. दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा वर उसळते आणि दहा-बारा किलोमीटर उंचीचे ढग काही तासांत उभे राहतात. हा पट्टा रोज थोडा सरकत असल्याने आज लातूर भिजते आणि उद्या सोलापूर.

आता हे सारे वापरायचे कसे? पाच दिवसांच्या अंदाजावर फक्त बेत ठरवावा : कांदा काढायचा की थांबायचे, हळद वाळत घालायची की नाही, लग्नाचा मांडव उघड्यावर टाकायचा की कार्यालय घ्यायचे. आदल्या दिवशीच्या जिल्हावार इशाऱ्यावर ताडपत्री, दोर आणि माणसे तयार ठेवावीत. प्रत्यक्ष हालचाल मात्र पुढच्या तीन तासांसाठी दिल्या जाणाऱ्या तात्कालिक अंदाजावर करावी, कारण विशिष्ट तालुक्यावर ढग कधी फुटेल हे आदल्या दिवशी सांगणे कोणत्याही देशाच्या हवामानशास्त्राला जमलेले नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप आपल्या ठिकाणाभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातील विजांची सूचना देते. शेतात जाणाऱ्याच्या मोबाइलमध्ये ते असायलाच हवे. रडारचे एकच चित्र पाहून निष्कर्ष काढू नये. लागोपाठची दोन-तीन चित्रे पाहिली की ढग कुठून कुठे चालला आहे ते कळते. चित्रावरची वेळ जागतिक प्रमाणवेळेत असेल, तर तीत साडेपाच तास मिळवावेत.

मोबाइलला रेंज नसेल तेव्हा आकाश वाचावे. सकाळपासून घामाघूम करणारा उकाडा, दुपारी फुलकोबीसारखे वर चढत जाणारे ढग आणि नंतर त्यांचा ऐरणीसारखा पसरलेला माथा, हा क्रम ओळखीचा आहे. त्यानंतर अचानक येणारा थंडगार वारा सुखावतो. तोच सर्वांत फसवा असतो. ढगातून खाली आदळलेली हवा पावसाच्या पुढे धावत येते आणि झाडे, पत्रे, फलक पडतात ते बहुधा याच वेळी. मुंबईत १३ मे २०२४ रोजी धुळीच्या वादळात घाटकोपर येथे महाकाय जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ जणांचा मृत्यू झाला. म्हणून थंड झुळूक येताच फलक, जुनी झाडे आणि विजेचे खांब यांपासून दूर व्हावे.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. हे अंतर दहा किलोमीटरच्या आत, म्हणजे मोजणी तिसाच्या आत आली, तर पक्क्या घरात किंवा पत्र्याचे छत असलेल्या बंद मोटारीत जावे. झाडाखाली थांबू नये, उघड्या ट्रॅक्टरवर बसून राहू नये, जनावरेही झाडाला बांधू नयेत. आसरा नसेल तर एकमेकांपासून अंतर ठेवून सखल जागी, पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे मात्र पडू नये.

शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास थांबून मगच बाहेर पडावे. मालावरची ताडपत्रीही लगेच काढू नये. आधी रडार पाहावे, कारण पहिल्या ढगाच्या थंड वाऱ्यानेच शेजारची दमट हवा उचलली जाऊन तासाभरात दुसरा ढग उभा राहू शकतो.