‘हेच विद्यापीठ का?’ : एसओपी लिहिताना या चुका टाळा

परदेशात विज्ञान शिकायला निघालेल्या मुलामुलींचे एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे अर्जासोबत जोडायचं हेतूपत्र) माझ्याकडे वाचायला येतात, त्यातही जर्मनीचे जास्त. मार्क चांगले असतात, एखादा प्रोजेक्ट झालेला असतो, भाषाही ठीक असते. घोळ होतो तो एकाच परिच्छेदात: तुम्हाला आमच्याच विद्यापीठात का यायचंय? हा परिच्छेद बहुतेक जण सगळ्यात शेवटी, मुदतीच्या आदल्या रात्री, समोर वेबसाइट उघडून लिहितात. आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

बोलायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण धरू: बॉन विद्यापीठातलं खगोलभौतिकीचं मास्टर्स. आपल्याकडच्या मुलांना रेडिओ खगोलशास्त्राची ओढ असते, आणि त्याला कारणही आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. पुणे विद्यापीठाच्या आवारात एनसीआरए आणि आयुका या खगोलशास्त्राच्या दोन संशोधन संस्था शेजारी शेजारी आहेत. तरीही अशा मुलांच्या एसओपीत जे सापडतं ते साधारण असं असतं:

‘बॉन हे जगातल्या नामांकित विद्यापीठांपैकी एक आहे. तिथल्या अत्याधुनिक सुविधा, तज्ज्ञ प्राध्यापक आणि बहुसांस्कृतिक वातावरण यांमुळे माझ्या सर्वांगीण विकासाला चालना मिळेल.’

यात खोटं काही नाही. पण ‘बॉन’ खोडून तिथे ‘हायडेलबर्ग’ लिहा किंवा ‘लायडन’ लिहा, बाकी काहीही बदलावं लागत नाही. लिहून झालं की ही अदलाबदल आधी करून बघा. परिच्छेद तसाच्या तसा दुसरीकडे चालत असेल, तर तो पुन्हा लिहा. विद्यापीठाला स्वतःची कीर्ती तुमच्याकडून ऐकायची नसते. रँकिंगचा आकडाही नको, तो त्यांच्याकडे आहेच.

सुरुवात विद्यापीठापासून करू नका

मूळ चूक इथे आहे. मुलं आधी विद्यापीठ ठरवतात आणि मग कारण शोधायला लागतात. उलट करा. आधी स्वतःच्या कामात कुठे अडलात ते शोधा, मग ती अडचण सोडवणारी माणसं आणि यंत्रं कुठे आहेत ते पाहा.

समजा, एखाद्या विद्यार्थिनीने उन्हाळ्यात जीएमआरटीच्या नोंदी वापरून एका पल्सारवर, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ-स्पंद पाठवणाऱ्या, वेगाने फिरणाऱ्या मृत ताऱ्यावर, काम केलंय. पल्सारचा रेडिओ-स्पंद आपल्यापर्यंत येताना वाटेतल्या इलेक्ट्रॉनमुळे रेंगाळतो आणि वारंवारता जितकी कमी, तितका हा उशीर जास्त. या उशिरावरून वाटेतल्या इलेक्ट्रॉनचं जे माप काढतात, ते डिस्पर्शन मेझर. त्यामुळे तो उशीर नेमका मोजायला जीएमआरटीचा कमी वारंवारतेचा पट्टा फार उपयोगी पडतो. तिचा परिच्छेद असा होऊ शकतो:

‘३०० ते ५०० मेगाहर्ट्झच्या नोंदींवरून एका पल्सारचं डिस्पर्शन मेझर काढताना मला दिसलं, की पल्सारची दिशा सूर्याजवळून जाते त्या आठवड्यांत ते वाढतं. सौरवाऱ्याचं साधं मॉडेल लावलं, पण उरलेला फरक जाईना. एफेल्सबर्गच्या दुर्बिणीच्या १.४ गिगाहर्ट्झच्या नोंदींवर याचा किती परिणाम होतो हे मला तपासायचं आहे. बॉनमध्ये या दुर्बिणीच्या पल्सार-नोंदींवर काम करणारा गट आहे आणि मास्टर्सचा प्रबंध त्या गटासोबत करण्याची माझी इच्छा आहे.’

हा परिच्छेद लायडनला पाठवता येत नाही. शिवाय त्यात एक खरा धागा आहे. जून २०२३ मध्ये अतिशय कमी वारंवारतेच्या गुरुत्वीय लहरींच्या खुणा सापडल्याचं जाहीर झालं. त्यात युरोपीय पल्सार टायमिंग ॲरे या, पल्सारच्या स्पंदांच्या वेळा मोजून अशा लहरी शोधणाऱ्या गटाने स्वतःच्या पाच दुर्बिणींच्या नोंदींसोबत भारतीय गटाच्या जीएमआरटीवरच्या नोंदीही वापरल्या होत्या, आणि त्या पाचांतली एक एफेल्सबर्गची. खोडद आणि एफेल्सबर्ग एकाच निष्कर्षात आहेत. पुण्यातून बॉनला अर्ज करणाऱ्याने हे सोडून ‘बहुसांस्कृतिक वातावरण’ लिहावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणखी एक नमुना, आपल्या जवळचा. कमला सोहोनी, तेव्हाच्या कमला भागवत, १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या. केवळ स्त्री म्हणून सी. व्ही. रामन यांनी नकार दिला. कमलाबाईंचे वडील आणि काका तिथेच रसायनशास्त्र शिकले होते. तिथे काय शिकायला मिळतं हे त्या घरातूनच जाणून होत्या, म्हणून हटल्या नाहीत. अखेर अटींवर प्रवेश मिळाला आणि वर्षभरात त्यांच्या कामाने रामन यांचं मत बदललं. पुढे केंब्रिजमध्ये रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींच्या पेशींवर काम करताना त्यांना सायटोक्रोम-सी हे पेशीच्या श्वसनात भाग घेणारं प्रथिन सापडलं आणि १९३९ साली पीएचडी मिळाली. विद्यापीठाचं नाव कितीही मोठं असो, विज्ञान शिकायचं ते शेवटी कुणाच्या तरी प्रयोगशाळेतल्या एका टेबलाशी. ते टेबल कोणतं, हे लिहा.

माहितीच्या चुका

माहितीच्या चुका वाचणाऱ्याच्या नजरेत लगेच भरतात. एफेल्सबर्गची १०० मीटरची दुर्बीण बॉन विद्यापीठाची नाही, ती मॅक्स प्लांक रेडिओ खगोलशास्त्र संस्थेची आहे. संस्था बॉनमध्येच आहे, विद्यार्थी तिथे प्रबंध करतात, पण पदवी विद्यापीठ देतं. ‘तुमच्या विद्यापीठाची दुर्बीण’ असं लिहिलंत तर तुम्ही नीट वाचलेलं नाही हे उघड होतं. असाच प्रकार पुण्याबद्दलही होतो: एनसीआरए विद्यापीठाच्या आवारात असली तरी ती टीआयएफआरची, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची शाखा आहे.

प्राध्यापकांची नावं टाकायची म्हणून टाकू नका. तीन नावं एका ओळीत, पुढे ‘यांचं संशोधन मला प्रेरणादायी वाटतं’. यातले एक निवृत्त असतात, दुसऱ्यांनी तो विषय कधीच सोडलेला असतो. एकच नाव घ्या, त्यांचे अलीकडचे पेपर अरकाइव्ह (arXiv) या शोधनिबंधांच्या मोफत ऑनलाइन संग्रहातून काढा, एक तरी समजेपर्यंत वाचा आणि त्यातल्या कोणत्या गोष्टीवर तुमचा प्रश्न उभा आहे ते सांगा. समजला नाही तर नाव वगळा.

मॉड्यूल हँडबुक उघडल्याशिवाय अर्ज पाठवू नका. कोणता विषय कोणत्या सत्रात, किती क्रेडिटचा, इंग्रजीत की जर्मनमध्ये, सगळं त्यात असतं. जर्मनीत भौतिकशास्त्राचं मास्टर्स सहसा दोन वर्षांचं, १२० क्रेडिटचं असतं आणि दुसरं वर्ष बहुतेक ठिकाणी संशोधनाला दिलेलं असतं. म्हणजे ‘हेच विद्यापीठ का’ याचं अर्धं उत्तर त्या दुसऱ्या वर्षात आहे. आपली मुलं मात्र पहिल्या वर्षाचे विषय मोजत बसतात.

फीबद्दल: ‘जर्मनीत शिक्षण मोफत आहे’ हे घरी सांगायला ठीक, एसओपीत नको. शिवाय ते सरसकट खरंही नाही. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४-२५ पासून अशा नव्या विद्यार्थ्यांना फी लावली आहे.

लहानपणी गच्चीवरून तारे पाहण्याची सुरुवातही गाळा. ती खरी असेल, पण शेजारच्या अर्जातही तीच असते.

‘पण माझा प्रोजेक्टच झालेला नाही’

हे तालुक्याच्या कॉलेजातून येणाऱ्या मुलांकडून फार ऐकू येतं आणि त्यांची अडचण खरी आहे. खोटा प्रोजेक्ट लिहू नका, मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं. प्रॅक्टिकलच्या वहीकडे परत जा. ज्या प्रयोगात तुमचं उत्तर पुस्तकातल्या आकड्याशी जुळलं नाही, तो घ्या. का जुळलं नाही, तुम्ही काय काय तपासलं, काय राहिलं, हे सहा ओळींत लिहा. त्या सहा ओळी उसन्या प्रबंधापेक्षा जास्त बोलतात.

हातात वर्षभर असेल तर वाट बघत बसू नका. जीएमआरटीच्या जुन्या नोंदी ऑनलाइन संग्रहातून मागता येतात. पुण्यात पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा भरते. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या निमित्ताने खोडदला प्रदर्शन असतं; तिथे जाऊन अँटेनाखाली उभ्या असलेल्या संशोधकांना थेट प्रश्न विचारा, ते उत्तर देतात.

कन्सल्टंटकडून एसओपी लिहून घेत असाल तर निदान हा एक परिच्छेद त्यांच्या हाती देऊ नका. तुम्ही कुठे अडलात हे त्यांना माहीत नसतं, मग ते पुन्हा ‘अत्याधुनिक सुविधा’ लिहितात.

परिच्छेद तयार झाला की अर्ज भरण्याआधी तो तुमच्या शिफारसपत्र देणाऱ्या सरांना किंवा मॅडमना द्या. तुम्ही एसओपीत पल्सारचं लिहायचं आणि त्यांच्या पत्रात फक्त ‘वर्गात नियमित हजर’ असायचं, असं होतं. तुमचा परिच्छेद समोर असला की त्यांना प्रयोगशाळेतली नेमकी गोष्ट आठवते आणि त्यांचं पत्रही त्याच कामाबद्दल बोलायला लागतं. त्यासाठी त्यांना दोन-तीन आठवडे तरी द्या.